पाऊण किलोचा पेशंट

गिनीपिग विकत घ्यायला दहा मिनिटं लागतात. त्याचा डॉक्टर शोधायला गिनीपिगचं आयुष्य पुरत नाही.

आयुष्य तरी केवढं? पाच ते आठ वर्षं. त्यातली निम्मी, हा ससा नाही आणि उंदीरही नाही, हे पाहुण्यांना समजावण्यात जातात.

क्रॉफर्ड मार्केट असो की गावातलं माशांच्या टाक्यांचं दुकान, मालकाला एकच प्रश्न विचारून बघा. आजारी पडला तर कुठे न्यायचा? तो बिनदिक्कत सांगतो, 'पडत नाही साहेब. पडला तर राहत नाही.' यातलं दुसरं वाक्य बऱ्यापैकी शास्त्रशुद्ध आहे.

२०१८ साली केंद्र सरकारनं पेट शॉपसाठी नियम केले. राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची झाली. नियमांत पशुवैद्यही आहे. तुमच्या तालुक्यात तो कुठे बसतो, एवढंच नियमांत नाही.

आता दुकानदाराचं वाक्य खरं का? कारण गिनीपिग हे जंगलच्या हिशेबानं कोणाचं तरी जेवण. जेवणानं आपण आजारी आहोत हे दाखवायचं नसतं. म्हणून तो शेवटपर्यंत लपवतो. तो मलूल दिसायला लागला, याचा अर्थ आजार बराच जुना झाला आहे.

आणि हे आपल्या लक्षात येतं रविवारी संध्याकाळी.

माणसानं दिवसभर खाल्लं नाही तर एकादशी. गिनीपिगनं खाल्लं नाही तर इमर्जन्सी. त्याचं आतडं सतत चालू असावं लागतं. बारा-चोवीस तास पोटात गवत गेलं नाही की ते थंडावतं, वायू धरतो आणि मग पुन्हा सुरू करणं अवघड. 'उद्या बघू' हे आपलं राष्ट्रीय धोरण इथे चालत नाही.

मग फोनाफोनी सुरू. दवाखान्याच्या पाटीवर पोपट, इग्वाना, कासव, ससा आणि कोपऱ्यात एक गिनीपिग. फोटो आहे म्हणजे माहिती आहे, असं मानायचं? मग चौकातल्या फ्लेक्सवरचे सगळेच कार्यसम्राट की.

'गिनीपिग बघता का?'

'हो हो, सगळं बघतो.'

बघतातच. टेबलाच्या पलीकडून.

पण थांबा, इथे डॉक्टरांवर तुटून पडायचं कारण नाही. एमबीबीएसवाला इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं शिकतो. प्राणी एकच: माणूस. तरी गुडघा दुखला की तो आपल्याला दुसऱ्याकडे पाठवतो. पशुवैद्यही साडेपाच वर्षंच शिकतो. प्राणी: गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, घोडा, कोंबडी, कुत्रा, मांजर. आणि आपण त्याला विचारणार, 'एवढं पण येत नाही?'

त्यातून देशाला हवी असते म्हैस. २०१९च्या विसाव्या पशुगणनेत देशभरात साडेत्रेपन्न कोटींहून अधिक जनावरं मोजली. त्यात गाढवं मोजली, खेचरं मोजली, ससे मोजले, हत्तीसुद्धा मोजले. गिनीपिगचा रकाना नव्हता. जो मोजलाच जात नाही, त्याच्यासाठी कोण शिकणार?

जनावर कमावतं झालं की त्याचा डॉक्टर आपोआप तयार होतो. हा साधा बाजार आहे, यात भूतदया शोधू नये.

पटत नसेल तर पेरू देशाकडे बघा. गिनीपिग हा अँडीजच्या डोंगरांतला मूळ रहिवासी. तिथले लोक हजारो वर्षं तो पाळतात. सरकारी कृषी संशोधन संस्थेनं त्याच्या वजनदार जाती तयार केल्यात. खाद्य, रोग, प्रजनन, सगळ्याचा अभ्यास आहे. एवढं प्रेम कशासाठी?

भाजून खातात.

कुस्कोच्या कॅथेड्रलमध्ये येशूच्या शेवटच्या भोजनाचं अठराव्या शतकातलं एक चित्र आहे. मार्कोस झापाता या चित्रकाराचं. मधल्या ताटात तंगड्या वर करून एक प्राणी आहे. बहुतेकांच्या मते तो गिनीपिगच. आपल्याकडे त्याच्या औषधपाण्याचा खर्च ऐकून शेजारी म्हणतात, 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.' तिकडे मसाला खरोखरचा असतो.

माहितीचा दुसरा साठा प्रयोगशाळांत. रॉबर्ट कॉखनं १८८२ साली क्षयाचा जंतू सिद्ध केला, त्यात गिनीपिग कामी आले. घटसर्पाचं औषध शोधताना गिनीपिग. नॉर्वेत १९०७ साली होल्स्ट आणि फ्रोलिख बेरीबेरीचा माग काढत होते. गिनीपिगला नुसतं धान्य घातलं आणि निघाला स्कर्व्ही. त्यातून पुढे 'क' जीवनसत्त्वाचा शोध लागला. त्या संशोधनासाठी सेंट-ग्यॉर्गीला १९३७चं नोबेल मिळालं. गिनीपिगला धान्यच मिळालं.

मुंबईत एकाच परळमध्ये हाफकिन संस्था आहे आणि १८८६ साली सुरू झालेलं मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही. म्हणजे माणसाच्या रोगांसाठी गिनीपिग वापरणारे एका फाटकात आणि जनावरांचे डॉक्टर घडवणारे दुसऱ्या. परळ एकच. फक्त सव्वाशे वर्षांत गिनीपिगला स्वतःच्या आजारासाठी मधला रस्ता ओलांडावा लागेल, असं कोणाच्या मनात आलं नाही.

विज्ञानाला या प्राण्याबद्दल सगळं माहीत आहे. तुमच्या गल्लीतल्या दवाखान्याला माहीत नाही. मधली वाट कोणी बांधायची?

आणि न बांधल्यानं नुसती गैरसोय होते, असं समजू नका. जीव जातो. तोही औषधानं.

सर्दी झालीये, शिंकतोय. डॉक्टर सवयीनं अमॉक्सिसिलिन लिहितात. कुत्र्याला चालतं, मांजराला चालतं, तुमच्या नातवाला तर गुलाबी रंगाचं आणि चवीचं मिळतं. गिनीपिगच्या आतड्यात मात्र गवत पचवणाऱ्या जंतूंची वसाहत असते. पेनिसिलिनच्या घराण्यातलं औषध पोटात गेलं की ती वसाहत साफ होते. मोकळ्या जागेवर क्लॉस्ट्रिडियम नावाचा गुंड कब्जा करतो, विष सोडतो. जुलाब, थंडगार अंग आणि काही दिवसांत खेळ खलास. अँपिसिलिन तसंच, क्लिंडामायसिन तसंच, लिंकोमायसिन तसंच.

शिंक मात्र थांबते.

ही काही काल लागलेली बातमी नाही. पेनिसिलिननं गिनीपिग मरतात, हे १९४३ साली छापून आलं आहे. त्याआधी २५ मे १९४० ला ऑक्सफर्डमध्ये फ्लोरींच्या चमूनं पेनिसिलिनची पहिली मोठी चाचणी केली, ती आठ उंदरांवर. चार वाचले आणि इतिहास घडला. त्या दिवशी पिंजऱ्यात गिनीपिग असते तर? औषध विषारी म्हणून मोरीत ओतलं गेलं असतं आणि आपल्यातले निम्मे लोक हे सदर वाचायला नसते.

ऐंशी वर्षं झाली. गिनीपिग अजून त्याच गोळीनं मरतो.

त्यात आपण पडलो स्वयंसिद्ध डॉक्टर. नातवाच्या तापाची अर्धी बाटली फ्रिजमध्ये आहेच. 'थेंबभर देऊन बघू.' डॉक्टर निदान परवाना घेऊन चुकतो.

म्हणून डॉक्टरनं पेशंट तपासण्याआधी आपण डॉक्टर तपासायचा. फोनवरच. रागावले तर रागावले. विचारायचं, अँटिबायोटिक लागलं तर कोणतं देता? 'एन्रोफ्लॉक्सॅसिन', 'सल्फा-ट्रायमेथोप्रिम' असं काही ऐकू आलं तर श्वास सोडा. 'ते आम्ही बघू ना' असं ऐकू आलं तर फोन सोडा.

दुसरा प्रश्न फसवा आहे. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं ना? कुत्र्याला ठेवतात, कारण भुलीत उलटी होते. गिनीपिगला उलटी करताच येत नाही. आणि रात्रभर उपास म्हणजे आतडं बंद. 'हो, बारा तास काही देऊ नका' म्हणणारा माणूस सज्जन असेल, पण तो तुमच्या कुत्र्याचा डॉक्टर आहे.

तिसरा प्रश्न, दाढा कशा बघता?

इथे भले भले गारद होतात. गिनीपिगला वीस दात आणि विसाच्या वीस आयुष्यभर वाढणारे. गवत रगडून ते झिजायला हवेत. आपण घालतो पोळी, पाव आणि मारी बिस्किट. मग खालच्या दाढा आत झुकतात, जिभेवर कमान धरतात. जीव अन्नाकडे धावतो, तोंडात घेतो, टाकून देतो. भूक आहे, जीभ हलत नाही. डॉक्टर पुढचे चार दात बघतात, कटरनं टोकं उडवतात, पैसे घेतात. दाढा तशाच. त्या बघायला नळीचा दिवा लागतो, तोंड उघडं धरायचं छोटं यंत्र लागतं आणि घासायला बहुतेक वेळा भूल लागते.

पुढचे दात कापून घेणं सोपं. आपल्याला समोरचं दिसतं तेवढंच दुरुस्त करायची सवय आहेच.

लंगडतो, केस विस्कटलेत, उचललं की किंचाळतो? कॅल्शियमचं इंजेक्शन देण्याआधी कोणी विचारलं का, हा खातो काय? माणसासारखंच याच्या शरीराला 'क' जीवनसत्त्व तयार करता येत नाही. ते रोज बाहेरून हवं. परदेशी खाद्याच्या पाकिटावर ते छापलेलं असतं खरं, पण बनवल्यापासून तीनेक महिन्यांत त्यातलं पुष्कळ उडून जातं. जहाज, कस्टम, गोदाम, दुकान, मग तुमचं कपाट. पाकीट येतं, जीवनसत्त्व वाटेत उतरतं. त्यापेक्षा मंडईतली ढोबळी मिरची आणि कोथिंबीर. पण मंडईतल्या गोष्टीला 'प्रीमियम' म्हणता येत नाही ना.

'दोन्ही माद्याच आहेत' म्हणून आणलेल्या जोडीचं काय होतं, ते वेगळं सांगायला हवं? दोन महिन्यांत पिल्लं. तीही केस, दात आणि उघडे डोळे घेऊन आलेली. तासाभरात पळायला लागतात. मादी काही तासांत पुन्हा माजावर. गंमत इथे संपते. कारण सहा-सात महिन्यांची होईपर्यंत जी एकदाही व्यायली नाही, तिच्या ओटीपोटाचा सांधा घट्ट होतो आणि पुढे बाळंतपण अडतं. मग सिझेरियन. म्हशीचं सिझेरियन गोठ्यात उभ्या उभ्या करणारे हात महाराष्ट्रात आहेत. पाऊण किलोच्या आईला भूल किती द्यायची, इथे ते हात थबकतात.

थबकतात ते चांगलं. न थबकणाऱ्या हातांची जास्त भीती वाटते.

तर, चौकशीअंती कळतं की 'त्यातला जाणकार' पुण्यात आहे. किंवा मुंबईत. तो सांगलीत का नाही? सांगलीत म्हशी आहेत. वर वाचलंत ना?

सांगली ते पुणे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. डॉक्टर बसतात संध्याकाळी पाच ते आठ, अपॉइंटमेंट घेऊनच. महिना मे. या डोंगरी जिवाला अठरा ते चोवीस अंश मानवतात. तिशीच्या आसपास उष्माघाताची भीती. आपल्याकडे सकाळी दहालाच तिशी उलटलेली असते. म्हणजे निघायचं पहाटे, पोहोचायचं नाश्त्याला आणि दिवसभर आत्याकडे बसायचं. आत्याकडे मांजर आहे.

सामान किती? बास्केट, त्यात भरपूर गवत, कारण प्रवासातही आतडं चालू हवं. पाण्याची बाटली हिंदकळून पेशंटला भिजवते, म्हणून काकडीच्या फोडी. टॉवेलात गुंडाळलेली गोठवलेली बाटली. गाडीत एसी, पण झोत थेट नको. शिवाय जोडीदार. दुखणं एकाचं असलं तरी जोडी सोबत न्यावी, एकटा घाबरतो. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून गिनीपिग एकेकटा पाळायला कायद्यानंच बंदी आहे. आपल्याकडे सोबतीचा हक्क अजून आत्यापर्यंतही पोचलेला नाही.

आनेवाडीच्या टोलनाक्यावर बास्केटमधून शिट्टी मारल्यासारखा चीत्कार आला तर रागावू नका. ओरडतोय म्हणजे बरा आहे. गप्प झाला, आडवा पडून धापा टाकायला लागला की गाडी बाजूला घ्या. माणसांचं नेमकं उलट असतं, त्यामुळे सवय व्हायला वेळ लागतो.

खंबाटकी उतरलं की शिरवळ. तिथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयात शल्यचिकित्सेचा विभाग असतो, भूल देणारी माणसं असतात. आधी फोन करून विचारलं होतं? नाही. का? आपल्याला काचेचा दरवाजा, कॉफीचं मशीन आणि इन्स्टाग्रामवर पान असलेला दवाखाना लागतो. ज्ञान गुरांच्या दावणीशेजारी उभं असलं तर ते आपल्याला ओळखू येत नाही.

पुण्यातला वेटिंग हॉल. एक लॅब्राडॉर, दोन पग, एक खोकणारा बीगल. कुत्र्याला नुसता खोकला देणारा बॉर्डेटेला जंतू गिनीपिगला न्यूमोनिया देऊ शकतो. म्हणजे बरं व्हायला आलो आणि आजार घेऊन निघालो. जाणकार डॉक्टरांची खूण तिथेच पटते. ते फोनवरच म्हणतात, 'गाडीत बसा, नंबर आला की बोलावतो.'

आणखी एक खूण. आधी वजन करतात, आणि तेही ग्रॅममध्ये. बऱ्याच दवाखान्यांत काटा असतो तो जर्मन शेफर्डच्या मापाचा. त्यावर पाऊण किलोचा जीव म्हणजे शून्य. या बाबतीत तुमच्या स्वयंपाकघरातला काटा अधिक सुशिक्षित आहे. आठवड्यातून एकदा त्यावर ठेवा. वजन घसरायला लागलं की आजार तोंड उघडण्याआधी कळतो. केक मात्र दुसऱ्या भांड्यात मोजा.

आणि सगळ्यात मोठी खूण? 'मला यातलं नक्की माहीत नाही, पुस्तक बघून सांगतो' असं जो डॉक्टर तोंडावर म्हणतो, तो धरून ठेवा. तो गावातला असला तरी. असा माणूस पुण्यातल्या जाणकाराला फोन लावतो, मात्रा विचारतो, टिपून घेतो आणि सुई टोचतो. दोनशे किलोमीटर वाचतात. पण आपल्याला असा डॉक्टर आवडतो का? आपण बाहेर येऊन म्हणतो, 'त्याला काही येत नाही, पुस्तक उघडून बसला होता.'

सर्वज्ञ हवेत आपल्याला. मग मिळतात.

हिशेब विचारू नका. गिनीपिग साताठशे रुपयांचा. डिझेल, टोल, फी, एक्स-रे, भूल, दाढा आणि आत्याला नेलेली बाकरवडी. शेजारी पुन्हा एकदा गणित मांडतात: 'एवढ्यात दहा नवीन आले असते.' बरोबर आहे. याच हिशेबानं त्यांच्या अँजिओप्लास्टीच्या पैशात काय काय आलं असतं, हे कोणी काढत नाही, एवढंच.

असो. दाढा घासून झाल्या. डॉक्टर खरंच जाणकार निघाले, औषध सिरिंजनं कसं भरवायचं ते दाखवलं. पेशंट परतीच्या वाटेवर कोथिंबीर खातोय. सगळं छान. फक्त निघताना डॉक्टर म्हणाले की एकदा बिघडलेल्या दाढा पुन्हा वाढतात, घासत राहावं लागेल, दीड महिन्यानं दाखवा.

मेमधून दीड महिना म्हणजे ऐन पावसाळा. आणि पुढच्या वेळी म्हणे जोडीदाराच्याही दाढा बघून घेऊ. त्याचा केसपेपर वेगळा.